हातवाऱ्यांतलं गणित : ऑस्ट्रेलियातली मूलनिवासी मुलं आणि वाढते आकृतिबंध

चिंचोके

समोर तीन कार्डं ओळीने मांडली आहेत. १ लिहिलेल्या कार्डावर मधोमध एक लाल ठोकळा आणि दोन्ही बाजूंना एकेक हिरवा. २ च्या कार्डावर लाल एकच, बाजूंना दोन-दोन हिरवे. ३ वर तीन-तीन. एकूण ठोकळे ३, ५, ७. सात वर्षांच्या मुलाला विचारलं, "दहाव्या कार्डावर काय असेल?" मूल म्हणतं, "खूप. अजून." पेपर तपासणारा इथे शून्य देऊन मोकळा होतो. पण "खूप" म्हणताना त्याचे दोन्ही तळवे छातीसमोरून एकदम दोन बाजूंना सरकले आणि मग एक बोट मध्ये येऊन टेबलावर टेकलं. दोन सारखे हात, मधे एक. "दुप्पट अधिक एक" त्याने हवेत काढून दाखवलं, तोंडात शब्द तेवढे नव्हते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात जोडी मिलर आणि एलिझाबेथ वॉरन यांनी दुसरी-तिसरीतल्या मूलनिवासी मुलांबरोबर अशाच वाढत्या आकृतिबंधांवर काम केलं आणि मुलांचे हातवारे हा विचाराचा पुरावा म्हणून वाचला. तिथल्या बऱ्याच मुलांची घरची बोली म्हणजे अ‍ॅबोरिजिनल इंग्लिश किंवा एखादी क्रिओल (भाषांच्या मिसळणीतून तयार झालेली बोली), शाळेची भाषा प्रमाण इंग्रजी. नुसतं तोंडी उत्तर तपासलं तर गणिताऐवजी इंग्रजीच मोजली जाते.

अशा कामात हात साधारण चार गोष्टी सांगतो. बोट एका आकृतीवरून पुढच्या आकृतीवर उड्या मारत गेलं, तर मूल फक्त "दरवेळी दोन वाढतात" हे बघतंय. हे बरोबर आहे, पण यावरून दहावी आकृती काढायची तर चौथी ते नववी सगळ्या कराव्या लागतात. दोन्ही हात मधून बाहेर गेले, तर आकृतीची रचना दिसली आहे. एक बोट कार्डाच्या अंकावर आणि त्याच वेळी दुसरा हात हिरव्या रांगेवर, ही सगळ्यांत मोलाची खूण. स्थान आणि संख्या यांचा संबंध जोडला जातोय. आणि ठोकळे समोर नसताना हीच खूण हवेत झाली, तर मूल न पाहिलेल्या आकृतीबद्दल बोलतंय, म्हणजे सामान्य नियमाच्या दारात उभं आहे.

गणितशिक्षणाचे अभ्यासक लुइस रॅडफर्ड यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे: कल्पना पक्की होत जाते तसे हातवारे आखूड होतात. आधी अख्खे हात पसरतात, मग मनगट हलतं, शेवटी नुसतं बोट. हातवारे कमी झाले म्हणून मूल मागे पडलं असं समजू नये.

---

आडवा_उभा

धागा आवडला, पण शंका आहे. हे तर सगळीच मुलं करतात. मुलांच्या हातवाऱ्यांवरचे सुसान गोल्डिन-मेडो यांचे शिकागोचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. यात "मूलनिवासी" काय?

---

चिंचोके

बोलणं एक आणि हात दुसरंच सांगतो हे सगळीकडे दिसतं, मान्य. बियांच्या दोन सारख्या रांगा, एक पसरवली. मूल म्हणतं, "ही जास्त, तू हलवलीस ना." पण बोट या रांगेतल्या बीवरून त्या रांगेतल्या बीवर एकास एक फिरतंय. अशी विसंगती दाखवणारं मूल शिकवलेलं लवकर उचलतं, हे चर्च आणि गोल्डिन-मेडो यांनी १९८६ साली दाखवलं. मोठ्या मुलांत ४ + ३ + ६ = __ + ६ हे उदाहरण घ्या. तोंडाने "सगळ्यांची बेरीज" म्हणणारं मूल दोन बोटांचा चिमटा करून ४ आणि ३ यांवरच ठेवतं.

फरक आहे तो शाळेची भाषा आणि घरची भाषा यांतल्या अंतराचा. अंतर जितकं जास्त तितकं हाताने सांगितलेलं जास्त वाया जातं. शिवाय काही समाजांत हाताने, ओठाने, वाळूत रेघ मारून सांगण्याची रीत बोलण्याइतकीच पक्की आहे, आणि बाहेरून आलेल्या शिक्षकाला ती वाचता येत नाही.

---

दक्षिणायन

शेवटच्या वाक्याला जोडून.

मध्य ऑस्ट्रेलियात अरर्न्ट लोकांत दाखवण्यासाठी फक्त तर्जनी वापरत नाहीत. पसरलेला पंजा, तर्जनी आणि करंगळी ताठ ठेवून केलेली खूण, आणि ओठ पुढे काढून दाखवणं, प्रत्येकाचा उपयोग वेगळा. मोजताना मूल बोट लावत नसेल आणि ओठ हलके पुढे जात असतील, तर ते मोजत असू शकतं. "बोट लावून मोज" असं सांगणं म्हणजे त्याची चाललेली मोजणी मोडणं.

वार्लपिरी समाजात तर पूर्ण खुणांची भाषा आहे. नवरा वारल्यावर स्त्रिया दीर्घ काळ बोलत नाहीत आणि तेव्हा ही भाषा वापरतात. अ‍ॅडम केंडन यांनी १९८८ साली अशा खुणांच्या भाषांवर मोठा ग्रंथ लिहिला. गोष्ट सांगताना वाळूत खुणा काढणं हेही तिथे रोजचं. वर्गात पाटीऐवजी वाळूचा ट्रे ठेवला तर मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. ट्रे साधारण ताटाएवढा हवा आणि वाळू बोटभर जाड व किंचित ओलसर. कोरडी असली तर रेघ ढासळते आणि मोजायला काही उरत नाही. एकच अडचण: वाळू पुसली की पुरावा गेला. पुसण्याआधी फोटो घ्या.

आता दिशांचं. क्वीन्सलंडमध्ये कुकटाउनजवळ होपवेलमध्ये गूगू यिमिथिर बोलतात ("कांगारू" हा शब्द १७७० साली कॅप्टन कुकच्या लोकांनी उचलला तो याच भाषेतून). या भाषेत डावं-उजवं सांगून जागा दाखवत नाहीत, पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण सांगतात. जॉन हॅविलंड यांनी एकाच माणसाची होडी उलटल्याची गोष्ट दोन वेळा चित्रित झालेली तपासली. दुसऱ्या वेळी तो वेगळ्या दिशेला तोंड करून बसला होता, तरी होडी कलंडल्याचा हातवारा खऱ्या दिशेलाच झाला. स्टीफन लेविन्सन यांची चाचणीही तिथलीच: टेबलावर वस्तू ओळीने दाखवायच्या, माणसाला मागच्या टेबलाकडे वळवायचं आणि तीच ओळ मांडायला सांगायची. आपण डावीकडचं डावीकडे ठेवतो. ते उत्तरेचं उत्तरेला ठेवतात. तरुण पिढीत ही सवय पातळ होत चालली आहे, तेव्हा प्रत्येक मुलात ती असेलच असं धरू नका.

---

गजगे

@दक्षिणायन, म्हणजे संख्यारेषेचा घोळ होणार.

---

दक्षिणायन

होतोच. क्वीन्सलंडमधल्याच पॉर्मपुरॉ इथल्या कूक थायोरे भाषकांना लेरा बोरोडित्स्की आणि अ‍ॅलिस गॅबी यांनी चित्रांची कार्डं काळाच्या क्रमाने लावायला दिली (प्रयोग मोठ्यांवर होता, २०१० साली प्रसिद्ध झाला). दक्षिणेला तोंड असेल तर कार्डं डावीकडून उजवीकडे. उत्तरेला तोंड केलं की उजवीकडून डावीकडे. पूर्वेला तोंड असेल तर दुरून अंगाकडे. क्रम नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि सांगितलं नाही तरी.

तेव्हा संख्या डावीकडून उजवीकडे वाढतात ही बरीचशी छापील पानाची सवय आहे, प्रत्येक मुलात ती आधीपासून पक्की असेल असं धरू नका. करायचं काय, तर संख्यारेषा आधी जमिनीवर. ० ते १०, दोन अंकांत मुलाच्या एका पावलाएवढं अंतर. दोन्ही टोकांना नाव द्या: "झाडाकडचं टोक", "दाराकडचं टोक". "उजवीकडे तीन उड्या" म्हणू नका, "दाराकडे तीन उड्या" म्हणा. मूल चालताना हाताने कुठे दाखवतं ते बघा. मग तीच पट्टी भिंतीवर लावताना जमिनीवरच्या रेषेला समांतर असलेली भिंत निवडा. काटकोनातल्या भिंतीवर लावली की काही मुलांची ३ आणि ७ यांत गफलत होऊ शकते आणि शिक्षक म्हणतात, मुलाला क्रम येत नाही.

---

तळटीप

इथे कोणीतरी लवकरच लिहील की "यांच्या भाषेत तर आकडेच नाहीत", म्हणून आधीच.

वार्लपिरीत रोजच्या वापरातले संख्यावाचक शब्द थोडे: एक, दोन, काही, पुष्कळ या धाटणीचे. ब्रायन बटरवर्थ, रॉबर्ट रीव्ह आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ४ ते ७ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विलोरामधली वार्लपिरी मुलं, ग्रूट आयलंडवरची अनिंडिल्याक्वा बोलणारी मुलं आणि मेलबर्नची इंग्रजी बोलणारी मुलं. कामं अशी होती की संख्येचा शब्द लागूच नये. परीक्षक दोन काड्या एकमेकींवर आपटतो आणि मूल तेवढे काउंटर (मोजायच्या चकत्या) चटईवर ठेवतं. काही काउंटर मांडून झाकतो, मूल आपल्या चटईवर तसेच मांडतं. झाकणाखाली आणखी सरकवतो, मूल एकूण किती ते काउंटरनी दाखवतं. मेलबर्नची मुलं यात पुढे नव्हती.

नंतरच्या विश्लेषणात रीत वेगळी दिसली. इंग्रजी मुलं मोजत होती, तिकडची मुलं काउंटर कुठे होते ती जागा लक्षात ठेवून तोच नकाशा उभा करत होती. जुडिथ किअरिन्स यांनी १९८१ साली वाळवंटी भागातल्या मुलांच्या स्मरणाबद्दल हेच लिहिलं होतं: ती स्थिर बसून निरखायची, शहरी गोरी मुलं वस्तूंची नावं पुटपुटत राहायची.

वर्गात हे करायचं तर दोन सारख्या चटया आणि एकाच रंगाचे दहा-बारा काउंटर पुरतात. काउंटर वेगवेगळ्या रंगांचे असले तर मूल रंग लक्षात ठेवतं आणि संख्येबद्दल काहीच कळत नाही. सुरुवात २-३ ने, ५ च्या पुढे हळूहळू. परीक्षकाने स्वतःचे ओठ बंद ठेवायचे, आपण नकळत मोजतो आणि मूल तेच वाचतं.

---

मोरपंखी

सगळं छान आहे, पण बोटांवर मोजायची सवय लागली की सुटत नाही. चौथीतली मुलंही टेबलाखाली बोटं मोडतात.

---

तळटीप

टेबलाखाली मोडतात कारण टेबलावर मोडू दिली नाहीत.

---

चिंचोके

@मोरपंखी, थोडं सविस्तर. लहान मूल मोजताना एकाच वेळी दोन कामं करतं: कुठली वस्तू मोजून झाली ते ध्यानात ठेवणं आणि शब्द व वस्तू यांची सांगड घालणं. स्पर्श दोन्हीला आधार देतो. मार्था अलिबाली आणि अ‍ॅलिसा डिरूसो यांनी १९९९ साली याचीच उकल केली. मूल स्वतः बोट लावतं तेव्हा आणि त्याच्यासाठी बाहुली बोट लावते तेव्हा, दोन्ही वेळा मदत होते, पण शब्द-वस्तूची सांगड स्वतःच्या बोटानेच नीट बसते. थोडक्यात, शिक्षकाची पट्टी फळ्यावर फिरते तेव्हा अर्धंच काम होतं.

सवय सुटण्याचा क्रम साधारण असा: उचलून बाजूला ठेवणं, स्पर्श, दुरून बोट, मान किंवा नजर. एकेक पायरी मूल आपणच सोडतं. वस्तू जास्त किंवा वेड्यावाकड्या पसरलेल्या असल्या की पुन्हा मागच्या पायरीवर येतं, आणि ते शहाणपणाचं आहे. वर्तुळात मांडलेल्या आठ बियांना स्पर्श करून मोजणारं मूल बऱ्याचदा नऊ म्हणतं, कारण सुरुवात कुठून केली ती खूण नाही. दोष हाताचा नाही, मांडणीचा. पहिली बी उलटी ठेवून बघा.

---

गजगे

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो. महाराष्ट्रात बोटं उभी करून मोजण्याबरोबर पेरांवरही मोजतात, अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरवला की एका हातावर बारा. या दोन रीती गणिताच्या दृष्टीने एक नाहीत. सात बोटं उभी केली की सातचा गट डोळ्यांना दिसतो. पेरांवर सात म्हणजे अंगठा तिसऱ्या बोटाच्या पहिल्या पेरावर टेकलेला. दिसतो तो फक्त सातवा. पहिलीत "सात दाखव" म्हटल्यावर पेरावर अंगठा ठेवून हात पुढे करणारं मूल चुकलेलं नाही, त्याने क्रम दाखवला आणि आपण गट मागितला. पापुआ न्यू गिनीतल्या ओक्सापमिन लोकांची मोजणी अशीच क्रमाची: एका हाताच्या अंगठ्यापासून दंड, खांदा, कान, डोळा करत नाकावर १४ आणि पलीकडच्या करंगळीवर २७. जेफ्री सॅक्स यांनी तिथल्या मुलांची बेरीज याच अंगावर कशी चालते ते तपासलं आहे.

मेळघाटातल्या कोरकू मुलांना आणखी एक अडथळा. कोरकूत दहाला गेल, विसाला इसा, आणि मोठ्या संख्या विसांत मोजतात. शाळेत येताच मराठीतलं "एकोणतीस" समोर. शब्द म्हणतो तिसाला एक कमी, अंकात आधी २ मग ९. हाताला विचारा: दोन्ही पंजे दोनदा उघडून मिटले आणि मग नऊ बोटं, तर संख्या समजली आहे, अडतंय ते नाव. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी वाचनाची जोडपद्धत दिली तेव्हा टीव्हीवर चेष्टा झाली, पण पंजा उघडून दाखवणाऱ्या मुलाच्या हाताशी ती पद्धत नेमकी जुळते.

---

आडवा_उभा

शंका मागे. पण मग "आदिवासी मुलं डोळ्यांनी शिकतात, बोलायला लावू नका" असा निष्कर्ष निघेल त्याचं काय? तो धोका मला खरा वाटतो.

---

दक्षिणायन

खरा आहेच. हात वाचला की काम संपलं असं नाही, लगेच शब्द द्यायचा. मुलाने तळवे बाहेर सरकवले की शिक्षकाने तोच हातवारा तसाच करत म्हणायचं, "दोन्ही हातांना दहा-दहा, मधे एक." शक्य असेल तर आधी घरच्या भाषेत, वर्गात स्थानिक सहायक असेल तर त्याच्या तोंडून. दोन दिवसांनी मुद्दा काढला तर हातवारा विरून गेलेला असतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वांडामूका या मूलनिवासी समाजाचे गणितज्ञ क्रिस मॅथ्यूज यांनी मांडलेली रीतही पाहण्यासारखी आहे. ६ + ३ = ९ ही गोष्ट मुलं आधी अंगाने करून दाखवतात, मग त्या गोष्टीसाठी स्वतःची चिन्हं बनवतात आणि त्यानंतर + आणि = यांच्याशी ती ताडून बघतात. चिन्ह ही कोणीतरी ठरवलेली सोय आहे हे त्यातून उमगतं. हातवारा, चित्र, चिन्ह, शब्द एकाच ओळीत येतात.

आणि गप्प मूल म्हणजे न समजलेलं मूल नव्हे. अ‍ॅबोरिजिनल इंग्लिशमध्ये "शेम" म्हणतात तो प्रकार आहे: चारचौघांत एकट्याला पुढे काढलं की मूल आक्रसतं, मग बरोबर उत्तर असूनही तोंड उघडत नाही. कधी विचारणाऱ्याचं मन राखायला नुसतं "हो" म्हणतं. दोघातिघांना एकत्र बसवून एकच कार्ड मध्ये ठेवलं की हात आपोआप सुरू होतात. दुर्गम वस्त्यांत मधल्या कानाच्या संसर्गाचं प्रमाणही फार मोठं आहे, ऐकूच कमी येत असेल तर शिक्षकाचा हातवारा हाच निम्मा धडा.

---

मोरपंखी

पटलं. मूळ आकृतिबंध करून बघायचा आहे. नेमकी तयारी सांगा ना.

---

चिंचोके

लाल-हिरवे चौकोनी ठोकळे, साधारण २ सेंटीमीटरचे. एकाच रंगाचे घेतले तर मधला एक कायम राहतो हे दिसतच नाही. स्थानांक (कितवी आकृती तो अंक) ठळक लिहिलेलं कार्ड प्रत्येक आकृतीखाली हवंच. हे कार्ड गाळणं ही सगळ्यांत मोठी चूक; अंक समोर नसेल तर बोट ठेवायला जागाच नाही आणि मूल "दोन वाढले" एवढ्यावर थांबतं.

१, २, ३ दाखवून झाल्यावर ४ विचारू नका. ५ विचारा, मग १०, मग पुन्हा ४. ओळीने विचारलं तर मुलाला नियम शोधायची गरजच उरत नाही.

बांधायला सुटे ठोकळे द्या, पण "कसं ओळखलंस?" विचारताना ते काढून घ्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या आकृत्या समोर ठेवा. मुठीत ठोकळे असले तर हात बोलत नाहीत. समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात तर मुलाचा डावा तुमचा उजवा होतो आणि तुमचा हातवारा त्याला उलटा दिसतो. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच-सहापर्यंत मोजा, मधे बोलू नका. बहुतेक वेळा हात आधी हलतो, शब्द मागून येतात.

---

गजगे

चित्रण करत असाल तर फोन मुलाच्या हाताच्या उंचीवर, तिरपा, दोन्ही हात आणि कार्डं चौकटीत येतील असा. वरून लावला तर डोकं मधे येतं. चित्रफीत पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि हात लिहून काढा: वेळ, डावा, उजवा, नजर, कशाला स्पर्श. मग डोळे मिटून फक्त बोलणं ऐका, ते वेगळ्या रकान्यात. आधीच आवाजासकट बघितलं तर कान जिंकतो आणि हात शब्दांशी जुळवूनच दिसायला लागतात. पाच मिनिटांची फीत नीट लिहायला तासभर सहज जातो, म्हणून सगळी नको, "कसं ओळखलंस?" नंतरचं मिनिटभर पुरे.

---

दक्षिणायन

चित्रणाआधी घरच्यांची परवानगी, आणि ऑस्ट्रेलियात असाल तर वस्तीतल्या ज्येष्ठांचीही. तिथे अनेक समाजांत मृत व्यक्तीचं चित्र दाखवणं दुखावणारं असतं. फीत कुठे राहणार, किती दिवस आणि नको झाली तर कोणाला सांगायचं, हे आधीच लिहून द्यावं.

---

मोरपंखी

लाल-हिरवे ठोकळे नाहीत. चिंचोके चालतील का? एक बाजू घासून पांढरी केलेले?

---

चिंचोके

पळतील. पांढरी बाजू मधल्या एकासाठी, तपकिरी बाजूंच्या रांगांना. फक्त पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत वेगळी करा, चिंचोका बोटाच्या धक्क्याने घरंगळतो आणि रांग मोडली की मूल उत्तर सोडून चिंचोके सरळ करत बसतं.